गड्ड्यातील पाळणा आणि पडद्यावरील कथा

सोलापूरच्या श्रीसिद्धेश्वराच्या यात्रेत मकरसंक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर करमणुकीचा जो बाजार भरतो, त्याला गावातील लोक ‘गड्डा’ म्हणतात. सबंध यात्रेलाही ‘गड्डा यात्रा’ असेच म्हणण्याचा प्रघात आहे. उंच फिरते चक्र, नौकेच्या आकाराचा झोका, मौत का कुआँ आणि लहान मुलांच्या छोट्या आगगाड्या ह्यांवाचून अशी कोणतीही मोठी जत्रा पुरी होत नाही. ज्याला आज शहरात ‘राइड’ म्हणतात, त्या सर्व प्रकारांना जत्रेतील माणूस सरसकट ‘पाळणा’ म्हणतो, मग तो वर-खाली जाणारा असो, गरगर फिरणारा असो वा नुसता हेलकावे देणारा असो. ह्या पाळण्यांच्या नावांकडे लक्ष दिले, तर त्यांवर चित्रपटाची छाया पडलेली दिसते. आपल्या जत्रांतून सर्वत्र आढळणाऱ्या एका फिरत्या पाळण्याला ‘टोरा टोरा’ म्हणतात. पर्ल हार्बरवरील जपानी हल्ल्याचा हा संकेतशब्द १९७० सालच्या एका युद्धपटाच्या शीर्षकामुळे जगभर परिचित झाला. हवा भरून फुगविलेल्या रबरी घरावर मुले उड्या मारतात, त्याला त्याचा आकार हत्तीचा असला तरी ‘मिकी माऊस’ असेच नाव असते. फुगीर घसरगुंडीला तर पुष्कळदा ‘टायटॅनिक’ म्हणतात, आणि बुडत्या जहाजावरून मुले आनंदाने घसरत खाली येतात.

ह्या खेळांचा त्या त्या चित्रपटांशी असलेला संबंध नावापुरताच आहे, हे उघड आहे. पाळण्यावरील नट-नट्यांची चित्रे पुसून त्या जागी देवदेवतांची काढली, तरी पाळणा आहे तसाच फिरेल. उलट ज्या उद्यानांना ‘थीम पार्क’ म्हणतात, तेथे लोकप्रिय चित्रपटावर राइड उभारली जाते ती ह्याहून अधिक काही साधण्याच्या अपेक्षेने. चित्रपट पाहताना जे अनुभवले, ते शरीराने पुन्हा अनुभवावयास मिळेल, असे आश्वासन तेथे तिकिटाबरोबर दिलेले असते. हे आश्वासन कितपत पुरे होऊ शकते आणि कोणत्या कथांच्या बाबतीत ते मुळातच देता येत नाही, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा गंभीर आहे.

चित्रपट आधी आणि त्यावरून राइड मागाहून, असा क्रम सहसा गृहीत धरला जातो. इतिहास मात्र निराळे सांगतो. एच. जी. वेल्स ह्यांची ‘द टाइम मशीन’ ही कादंबरी १८९५ साली प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रॉबर्ट पॉल ह्या इंग्रज यंत्रज्ञाने एका विलक्षण योजनेच्या एकस्वासाठी अर्ज केला. प्रेक्षकांनी एका हलत्या व्यासपीठावर बसावयाचे, त्यांच्या अंगावर वारा सोडावयाचा आणि समोर प्रक्षेपित चित्रे दाखवून ते कालप्रवास करीत असल्याचा भास निर्माण करावयाचा, अशी ती योजना होती. पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंचा सशुल्क जाहीर खेळ त्याच वर्षी २८ डिसेंबरला झाला आणि मुंबईच्या वॉटसन हॉटेलात तो ७ जुलै १८९६ रोजी आला. म्हणजे चित्रपटगृह जन्मास येण्यापूर्वीच चित्रपट-राइडची कल्पना कागदावर उतरली होती. पॉलची योजना पैशाअभावी प्रत्यक्षात आली नाही. तिचे एक साधे रूप मात्र लवकरच दिसले. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या अग्निशामक दलाचे प्रमुख राहिलेले जॉर्ज हेल ह्यांनी १९०४ च्या सेंट लुई प्रदर्शनात आगगाडीच्या डब्यासारखी खोली मांडली. इंजिनाच्या तोंडाशी कॅमेरा ठेवून घेतलेली दृश्ये डब्यासमोर दाखवावयाची, खालून डबा हलवावयाचा आणि चाकांचा खडखडाट ऐकवावयाचा, एवढेच त्यातील कौशल्य होते. काही वर्षे हा खेळ चांगलाच चालला आणि मग मागे पडला. कारण डब्यात बसून नुसती वाट पाहण्यापेक्षा खुर्चीत बसून गोष्ट पाहणे लोकांना अधिक आवडू लागले. चित्रपट कथा सांगू लागला आणि पाळण्यापासून दूर गेला.

महाराष्ट्रात मात्र हे दोघे बराच काळ शेजारी म्हणून नांदले. जत्रेत एका बाजूस पाळणे आणि दुसऱ्या बाजूस तंबूतला सिनेमा हे दृश्य गेल्या पिढीपर्यंत सर्वपरिचित होते. ह्या फिरत्या तंबूंचा अस्तकाळ २०१६ सालच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ ह्या माहितीपटाने टिपला आहे. पाळणेवाला आणि तंबूवाला हे दोघेही आपला माल ट्रकवर घालून एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जात. दोघांचा प्रेक्षक एकच होता, पण दोघांच्या धंद्यांची सांगड घालावी असे कोणास वाटले नाही.

ती सांगड पद्धतशीरपणे घातली गेली ती कॅलिफोर्नियातील अॅनाहाइम येथे. १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले, तेव्हा त्यात ‘स्नो व्हाइट’ आणि ‘पीटर पॅन’ ह्या चित्रपटांवर आधारलेल्या राइड होत्या. स्नो व्हाइटच्या राइडची कहाणी ह्या विषयाच्या अभ्यासकाने मुळातून ध्यानात घ्यावी अशी आहे. प्रेक्षक लहान गाडीत बसून अंधाऱ्या दालनांतून जात. वाटेत चेटकीण भेटे, खाण लागे, अरण्य लागे. परंतु स्नो व्हाइट स्वतः कोठेच दिसत नसे. रचनाकारांचा विचार असा की, गाडीत बसलेला प्रेक्षक हाच स्नो व्हाइट होय. चेटकीण अंगावर येते ती त्याच्याच. विचार तर्कशुद्ध होता, तथापि प्रेक्षकांना तो उमगला नाही. नायिका कोठे आहे, असे ते विचारीत राहिले. अखेरीस १९८३ मध्ये राइडची पुनर्रचना झाली, तेव्हा नायिकेची प्रतिमा तीत बसविण्यात आली. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर चित्रपट तृतीय पुरुषात बोलतो आणि राइडला प्रथम पुरुषात बोलावे लागते. हे रूपांतर साधे नाही. ज्या नायकाला आपण पाहत आलो, त्याच्याच डोळ्यांनी पाहू लागल्यावर तो नायकच दिसेनासा होतो. आपल्याकडील चित्रपट नटावर फार अवलंबून असल्यामुळे ही अडचण येथे अधिकच जाणवते.

रूपांतराची दुसरी अडचण शरीरशास्त्राची आहे, आणि ती समजण्यासाठी ‘सिम्युलेटर’ नावाच्या यंत्राची रचना पाहिली पाहिजे. वैमानिकांच्या शिक्षणासाठी तयार झालेले हे यंत्र १९८७ च्या जानेवारीत ‘स्टार टूर्स’ ह्या राइडच्या रूपाने डिस्नेलँडमध्ये आले आणि चित्रपटांवरील राइडचा तो एक रूढ साचाच होऊन बसला. एका बंद खोलीला खालून सहा लांबणारे-आखूड होणारे दंड जोडलेले असतात. ते कमी-अधिक लांब करून खोली पुढे-मागे, डावी-उजवीकडे व वर-खाली सरकविता येते आणि तिन्ही अक्षांभोवती कलविताही येते. परंतु दंडांची लांबी मर्यादित असल्यामुळे खोली फार तर हातभर, दोन हात सरकेल. मग पडद्यावरील यान अवकाशात झेपावत असता पाठ खुर्चीला दाबली गेल्याचा अनुभव कित्येक सेकंद कसा टिकतो?

त्याचे उत्तर अंतःकर्णात आहे. डोके फिरले की नाही हे तेथील अर्धवर्तुळाकार नलिका ओळखतात. शरीराला सरळ रेषेत वेग मिळतो आहे की नाही हे सूक्ष्म खड्यांचा भार पेलणारी दुसरी इंद्रिये ओळखतात. ह्या दुसऱ्या इंद्रियांना एक गोष्ट मात्र सांगता येत नाही. मागे रेललेल्या माणसावरील गुरुत्वाकर्षण आणि पुढे वेग घेणाऱ्या वाहनातील माणसावरील दाब ह्यांत ती भेद करू शकत नाहीत. यंत्र ह्याच अज्ञानाचा लाभ घेते. प्रथम खोलीला पुढे एक लहानसा धक्का दिला जातो. त्याचा परिणाम ओसरण्यापूर्वी खोली हळूहळू मागे कलविली जाते. पंधरा अंशांचा कल दिला की गुरुत्वाकर्षणाचा सुमारे चतुर्थांश भाग माणसाला पाठीमागे दाबू लागतो, आणि डोळ्यांना पडद्यावर वेग दिसत असल्यामुळे मेंदू त्या दाबाचा अर्थ वेग असा लावतो. कल देण्याची गती सेकंदाला दोन-तीन अंशांच्या आत राखली, तर नलिकांना तो सहसा कळत नाही. म्हणजे पंधरा अंशांसाठी पाच सेकंद तरी हवेत. मग तितक्याच गुपचूपपणे खोली पूर्वस्थितीस आणावयाची आणि पुढील धक्क्यास सज्ज व्हावयाचे. डोळा व अंतःकर्ण ह्यांच्या साक्षी जुळल्या नाहीत, तर प्रेक्षकाला मळमळू लागते.

ह्याच्या उलट मौत का कुआँमध्ये कोणतीही फसवणूक नाही. तेथे मोटारसायकलस्वाराला भिंतीशी धरून ठेवतो तो भिंतीचा खराखुरा दाब आणि त्यातून उत्पन्न होणारे घर्षण. विहिरीची त्रिज्या पाच मीटर आणि घर्षणांक ०.७ धरल्यास ताशी सुमारे तीस किलोमीटर वेगाखाली येताच तो घसरू लागेल. तेथे धोका स्वाराचा असतो आणि वर काठाशी उभा असलेला प्रेक्षक केवळ पाहत असतो. सिम्युलेटरमध्ये प्रेक्षकच स्वार होतो, परंतु धोका उरत नाही.

सिम्युलेटरच्या ह्या रचनेतून एक परिणाम असा निघतो की, चित्रपटाचे व्याकरण जवळजवळ सगळेच टाकून द्यावे लागते. चित्रपट घडतो तो तुकडे जोडून. एका क्षणी दूरचे दृश्य, दुसऱ्या क्षणी चेहरा, तिसऱ्या क्षणी वीस वर्षांपूर्वीची आठवण. डोळा हे बदल सहज स्वीकारतो; पण आसनावर बांधलेल्या शरीराला एका क्षणात दुसऱ्या ठिकाणी नेता येत नाही. म्हणून राइडसाठी घेतलेला चित्रपट बहुधा एकाच अखंड दृष्टीने, पुढे जाणाऱ्या वाहनाच्या नजरेने घेतलेला असतो, आणि तो चार-पाच मिनिटांत संपतो. गाणे जाते, संवादाची लय जाते, समीपदृश्य जाते, पूर्वकथा जाते. उरते ते एक वाहन, एक मार्ग, एक संकट आणि फार तर एक ओळखीचा आवाज. ज्या चित्रपटाचा प्राण ह्या चार गोष्टींत आहे, तोच राइडमध्ये तग धरतो.

महाराष्ट्रातील प्रत्यक्ष उदाहरण रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळील ‘इमॅजिका’ ह्या उद्यानाचे आहे. चित्रपटफितींवर प्रक्रिया करणाऱ्या ‘अॅडलॅब्स’चे संस्थापक मनमोहन शेट्टी ह्यांनी ते उभारले आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये ते खुले झाले. तेथे शेखर कपूर दिग्दर्शित ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) ह्या चित्रपटावर सिम्युलेटर पद्धतीची राइड करण्यात आली. निवड विचारपूर्वक केलेली होती. त्या चित्रपटात मुलांची टोळी आहे, खलनायकाचा यंत्रांनी भरलेला अड्डा आहे, आणि अदृश्य नायक केवळ लाल प्रकाशात दिसतो ही युक्ती आहे. नायकच अदृश्य असल्यामुळे ‘नायक कोठे आहे’ हा डिस्नेलँडमध्ये उपस्थित झालेला प्रश्न येथे फारसा बोचत नाही! तरीही सुमारे तीन तासांच्या त्या चित्रपटातील पोरक्या मुलांची भूक, जी त्याच्या लोकप्रियतेचे निम्मे कारण आहे, ती हलत्या आसनावर आणणे कोणत्याही यंत्राला शक्य नव्हते.

इमॅजिकात ह्या राइडच्या बरोबरीने अलिबाबा, सिंदबाद ह्यांसारख्या जुन्या कथांवर बेतलेल्या राइडही होत्या, हे अर्थपूर्ण आहे. अलिबाबाची परवानगी कोणाकडे मागावी लागत नाही. चित्रपटाचे तसे नाही. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्माता ओळखला जातो आणि त्याचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे ‘मिस्टर इंडिया’चा हक्क २०४७ च्या अखेरपर्यंत आहे. शिवाय संगीताचे हक्क निराळे, आणि नटाच्या चेहऱ्यासाठी करार निराळा. जत्रेतील पाळणेवाला रंगाऱ्याकडून ह्या वर्षी एका नटाचे आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याचे चित्र काढून घेतो. त्यात कायद्याचे पालन होते असे नाही, पण लोकप्रियतेशी पावले जुळविण्याचा तो स्वस्तातला मार्ग आहे. मोठ्या उद्यानाला तो उपलब्ध नाही.

खरी मेख येथेच आहे. लोखंड वीस-पंचवीस वर्षे टिकते. चित्रपटाची आठवण तितकी टिकेलच असे नाही. फ्लॉरिडातील युनिव्हर्सल उद्यानात ‘बॅक टु द फ्यूचर’वरील राइड १९९१ मध्ये सुरू झाली आणि २००७ मध्ये बंद झाली, त्याच वास्तूत २००८ मध्ये ‘सिम्पसन्स’ ह्या व्यंगचित्रमालिकेवरील राइड आली. यंत्र तेच ठेवून चित्रफीत बदलता येते, हा सिम्युलेटरचा एक मोठा गुण. म्हणूनच उद्यानचालकांना तो प्रिय आहे. सगळ्याच ठिकाणी असा मार्ग निघाला नाही. दुबईत २०१६ च्या नोव्हेंबरात सबंध हिंदी चित्रपटांना वाहिलेले ‘बॉलिवूड पार्क्स’ उघडले. त्यात ‘शोले’मधील गब्बरचा पाठलाग होता, ‘क्रिश’चे उड्डाण होते, ‘लगान’ होता, ‘डॉन’ होता. एप्रिल २०२३ मध्ये ते कायमचे बंद झाले. इमॅजिकावरही कर्जाचा भार झाला आणि २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाकडे गेले; त्यानंतर त्याची स्थिती सावरली. कारणे अनेक असतील. परंतु हिंदी चित्रपटाची लोकप्रियता जागेपेक्षा नटाला आणि गाण्याला अधिक चिकटलेली असते, हे त्यांपैकी एक मानावयास हरकत नाही. ‘शोले’ला रामगढ आहे, डोंगर आहेत, दरोडेखोरांचा तळ आहे, म्हणून त्याची राइड कल्पिता येते. बहुसंख्य यशस्वी चित्रपटांना असा भूगोलच नसतो.

सोलापूरकराला चित्रपटाचा भूगोल पाहावयाचा झाल्यास जवळचे ठिकाण पुणे-मुंबईच्या दिशेने नसून पूर्वेकडे आहे. सुमारे तीनशे किलोमीटरवरील हैदराबादेजवळ १९९६ साली उभी राहिलेली रामोजी फिल्म सिटी ‘बाहुबली’चे भव्य देखावे चित्रीकरणानंतरही प्रेक्षकांसाठी जतन करून आहे. तेलुगु भाषकांची मोठी वस्ती असलेल्या ह्या गिरणगावाला ते ठिकाण परके नाही. तेथील मुख्य आकर्षण राइड नव्हे. लोक माहिष्मतीच्या अंगणात उभे राहतात, छायाचित्र काढतात आणि परततात. चित्रपटात प्रवेश करण्याचा हा यंत्ररहित मार्ग आहे आणि तो बऱ्याच जणांना पुरेसा वाटतो.

सोलापूर जिल्ह्याचा स्वतःचा चित्रपटही ह्या संदर्भात तपासून पाहता येईल. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे ह्यांचा ‘सैराट’ एप्रिल २०१६ मध्ये प्रकाशित झाला, आणि चित्रीकरणाच्या जागा पाहावयास लोक करमाळ्याकडे येऊ लागले. त्यात वाहने आहेत, पाठलाग आहे, विहिरीत उडी आहे, निश्चित आणि देखणा भूगोल आहे. वर सांगितलेल्या चारही अटी तो पुऱ्या करतो. तथापि त्याची राइड होऊ शकत नाही, झाल्यास ती लबाडी ठरेल. राइडचा अलिखित करार असा असतो की, संकट बाहेर पडण्याच्या दरवाज्यापाशी संपले पाहिजे. ‘सैराट’मधील संकट तेथे संपत नाही, उलट सर्व काही सुरळीत झाले असे वाटत असतानाच ते दार ठोठावते. जातीच्या नावाने होणाऱ्या हत्येचा तो शेवट वगळला तर पाठलाग उरेल, पण कोणाचा आणि कशासाठी, हे उरणार नाही. सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस ह्यांच्या जीवनावर व्ही. शांताराम ह्यांनी १९४६ मध्ये काढलेल्या चित्रपटालाही हेच लागू आहे. युद्धभूमीवरील रुग्णालय, बर्फाळ वाटा आणि बॉम्बवर्षाव ही सारी सामग्री तेथे आहे. परंतु ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी आलेला मृत्यू हा त्या कथेचा अर्थ आहे. त्यांच्या सोलापुरातील घराचे स्मारक झाले, ते योग्यच झाले.

मग राइडला योग्य कथा कोणती? मालपाणी समूहाच्याच शिर्डीतील ‘साई तीर्थ’ ह्या उद्यानाने ह्याला एक उत्तर दिले आहे. तेथे आसने हलविणारा ‘लंकादहन’ नावाचा खेळ आहे. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७ सालच्या गाजलेल्या चित्रपटाचे नावही हेच होते. उड्डाण आहे, आग आहे, शत्रूचे नगर आहे आणि शेवटी सुखरूप परतणे आहे. शिवाय पूर्वकथा सांगण्यात एक क्षणही घालवावा लागत नाही, कारण ती प्रत्येक प्रेक्षक घरून घेऊन आलेला असतो. चित्रपटावर आधारलेली राइड ज्या ओळखीसाठी निर्मात्याला पैसे मोजते, ती ओळख येथे फुकट मिळते.

गड्ड्याच्या यात्रेत तर यंत्राचीही गरज पडलेली नाही. होम मैदानावर पाळणे फिरत असतात, त्याच दिवसांत बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांच्या कथेतून सबंध गाव पायी जाते. सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर कुंभारकन्येच्या विवाहाच्या अक्षता पडतात. संक्रांतीला होम होतो. विवाह प्रतीकात्मक आहे, वराच्या जागी नंदीध्वज आहे, आणि तरीही अक्षता टाकणारे हजारो लोक केवळ प्रेक्षक नसून त्या लग्नाचे वऱ्हाडी असतात. कोणती दालने कोणत्या क्रमाने लागावीत, कोणी कोठे उभे राहावे आणि कथेत आपले स्थान कोणते, हे त्यांना कोणी समजावून द्यावे लागत नाही. अक्षता पडल्यावर त्यांतील पुष्कळजण मुलांचा हात धरून पाळण्यांकडे वळतात.